टिल्लीला बोलवायचे

"तुझ्या आईला वास यायचाच नाही गं," मावशी फोनवर म्हणाली आणि त्याच श्वासात तिने विचारलं, "बरं, दादा किती वाजता पोचतोय?"

मी साखरेची पिशवी कात्रीने कापत होते. फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये धरलेला, त्यामुळे मान तिरकी. त्या तिरक्या मानेनेच मी समोरच्या फरशीवरचा एक तडा बराच वेळ बघत राहिले. मी विचारलं होतं एवढंच, की आईच्या वहीत सगळं लिहिलेलं आहे, मैदा किती, अंडी किती, ओव्हन किती मिनिटं, मग साखर किती वेळ जाळायची तेवढंच कसं नाही? मावशी म्हणाली, ती काय लिहिणार, तिला कुठे कळायचं ते. आणि मग ते वाक्य. "कुणाला वास यायचा नाही?" मी विचारलं. "तुझ्या आईला. म्हणजे काय, तुला माहीत नव्हतं?" मग तिने सांगून टाकलं. आई एकोणीस वर्षांची असताना सायकलवरून पडली, डोक्याची मागची बाजू दगडावर आपटली. आठ दिवस डोकं दुखलं, नंतर सगळं ठाकठीक, फक्त वास गेला तो गेलाच. "मला शपथ घातली होती तिने. म्हणाली, एकदा का सासरी कळलं, की माझ्या मागून येऊन प्रत्येक पातेल्याचं झाकण उघडून बघतील. मला वाटलं तुला तरी सांगितलं असेल गं कधीतरी. तू तर त्याच धंद्यातली." मी म्हटलं, दादा चारपर्यंत येईल.

आता माझा धंदा कुठला ते सांगायला हवं. मी साबणाच्या कारखान्यात वास घेते. हसू नका, पगार मिळतो. तिसऱ्या मजल्यावर एक खोली आहे. तिला पडदे नाहीत, गालिचा नाही, आणि भिंतींना शेवटचा रंग देऊन अकरा वर्षं झालीत, कारण ओल्या रंगाचा वास आम्हाला परवडत नाही. तिथे रोज सकाळी माझ्यासमोर कागदाच्या पांढऱ्या पट्ट्या येतात, प्रत्येकीचं टोक कशात तरी बुडवलेलं. मी एकेक नाकाशी धरून सांगते, हा चालेल, हा शिळा, ह्यात लिंबू जास्त झालंय, ह्या पिंपाचं झाकण कुणीतरी नीट लावलेलं नाही. नाक थकलं की ते आपल्याच कोपराच्या खळीत खुपसायचं. स्वतःचा वास म्हणजे शून्य, तिथून पुन्हा सुरुवात. सव्वीस वर्षं हे चाललंय. फाटकावरचा पहारेकरी मला नाकवाल्या बाई म्हणतो आणि मी ते नाव मनातल्या मनात मिरवते. हे नाक कुठून आलं असं कुणी विचारलं, की मी बेधडक सांगायचे, आईकडून. आमच्याकडे सगळं आईच्या नाकावर चालायचं, असंही वर जोडायचे. नोकरीच्या मुलाखतीतसुद्धा मी हेच सांगितलं होतं आणि समोरच्या तिघांनी मान डोलावली होती.

ओव्हन तापायला लावला होता. उद्या वहिनी आणि दोन्ही भाचे येणार, दादा आजच, त्याचं इथे काहीतरी डॉक्टरांचं संमेलन होतं म्हणून एक दिवस आधी. वर्षअखेरच्या सुट्टीत चार दिवस सगळ्यांनी माझ्याकडे राहायचं, हे आई गेल्यापासून ठरून गेलंय, आणि मी आईची कॅरमेल ब्राऊनी करायची हेही. तीन वर्षं करतेय. चकचकीत स्टीलचं पातेलं, थर्मामीटर, ग्रॅमचा काटा. तीन वर्षं वहिनी "छान झालीय हं" म्हणते, भाचे ट्रे खरवडून साफ करतात, आणि दादा एक तुकडा तोंडात घेतो, छताकडे बघत सावकाश चावतो आणि म्हणतो, "चांगली आहे. पण ती नाही." दादा दातांचा डॉक्टर आहे, चावण्यातलं त्यालाच काय ते कळतं, असं म्हणत मी हसण्यावारी न्यायचे. पण मला ते झोंबायचं. आयुष्यभर वास घेणाऱ्या बाईला साखर धड जाळता येऊ नये, याची मला लाज वाटायची. म्हणून या वर्षी मावशीला फोन केला, आणि त्यातून हे निघालं.

शाळेतून घरी आले की आई दारातच विचारायची, "कसला वास येतोय, सांग?" हा आमचा खेळ होता. मी दप्तर पाठीवर तसंच ठेवून, डोळे मिटून उभी राहायचे. बटाटे. इस्त्री. जिन्यात फिनाईल. "अजून?" ओलं लाकूड. "कशासारखं ओलं?" न्हाणीघरातल्या पाटासारखं. "आणि खालच्या काकूंकडे काय शिजतंय?" कांदा. "करपलाय?" अजून नाही, पण करपणार. आई हसायची आणि मग, खेळ चालूच असल्यासारखं, दुधाचं भांडं माझ्या नाकाखाली धरायची. "आणि हे?" हे बिघडलंय. "शाब्बास!" की दूध मोरीत. दादालाही या खेळात घेतलं होतं एकदोनदा, पण त्याला कशाचाही वास यायचा तो एकच, भूक लागल्याचा, त्यामुळे तो बाद झाला. आता कात्री ओट्यावर ठेवताना मला ते दुधाचं भांडं दिसत होतं आणि त्यावरचा आईचा अंगठा. दूध बिघडलंय हे तिला ठाऊक नसायचं. ती माझी परीक्षा घेत नव्हती, खरोखरच विचारत होती.

एकेक सुटं पडलेलं आठवायला लागलं आणि मला, खरं सांगायचं तर, गंमतही वाटायला लागली. कामावर एखाद्या पट्टीत न ओळखू येणारं काहीतरी सापडलं की वाटते तशी. गॅसची बटणं आई दिवसातून वीसदा चाचपायची आणि आम्ही तिची नक्कल करायचो. बाबांनी वाढदिवसाला अत्तराची बाटली दिली, तेव्हा तिने ती उघडायच्या आधीच "किती सुंदर!" म्हटलं, आणि बाबा खूश झाले. एकदा शेगडीजवळ फडकं पेटलं. आई त्याच खोलीत पाठ करून बसली होती आणि बाबा दोन खोल्या ओलांडून धावत आले. "नाक कुठे गहाण ठेवलंयस?" बाबा ओरडले. आई म्हणाली, "लक्ष नव्हतं." त्या दिवसापासून घरात ती वेंधळी ठरली. नातेवाइकांत, शेजारात, सगळीकडे वेंधळी, आणि तिने ते ठरू दिलं. त्यापेक्षा खरं सांगणं तिला जड वाटलं असेल. आणि मी, जिचं पोट नाकावर चालतं, तिच्या शेजारी उभी राहून इतकी वर्षं काही ओळखू शकले नाही. मी सुट्टीला घरी आले की ती दारात मला मिठी मारायची आणि विचारायची, "आज तुझ्या कपड्यांना कसला वास येतोय गं?" मला वाटायचं, विचारायची तिची तऱ्हाच तशी.

इथपर्यंत ठीक होतं. इथपर्यंत मला आईबद्दल माया वाटत होती आणि थोडा राग, की मला का नाही सांगितलं. पण मग मी वही उघडली. ब्राऊनीचं पान. सगळ्यात वर, मैद्याच्याही आधी, आईच्या तिरप्या अक्षरात: "टिल्लीला बोलवायचे." टिल्ली म्हणजे मी. आता मला बघून कुणी हे नाव ठेवणार नाही, पण तेव्हा माझा हात ओट्यापर्यंत पोचत नसे. आई गेल्यावर दादाने घड्याळ घेतलं, वहिनीने शाल, आणि मी ही वही मागून घेतली ती या एका ओळीसाठी. ओळीखाली अर्धा किलोचे, पाव किलोचे आकडे, मिनिटं, सगळं काटेकोर. आणि मधे कोरं. "साखर." मग एक रिकामी ओळ. मग "लोणी, क्रीम, मीठ."

त्या रिकाम्या ओळीत मी होते. स्टुलावर. समोर आमचं ते काळं पातेलं, आतूनबाहेरून कोळसा. त्यात साखर कधी सोनेरी झाली आणि कधी तांबडी, हे कुणाच्या बापाला कळलं नसतं. दादा टेबलाशी अक्रोड फोडायला बसवलेला. मी बडबडत असायचे, शाळेतलं, मैत्रिणींचं, तोंडाला येईल ते. आणि आई हातात लाकडी चमचा धरून पातेल्याकडे बघत नसे, माझ्याकडे बघत असे. एकटक. वर्षभर ती कुणाकडे अशी बघत नसे. भांडी, कपडे, बाबांच्या शर्टाची बटणं, दादाची गणितं, तिची नजर सतत एकावरून दुसऱ्यावर घसरत असायची. वर्षातून एकदा ती थांबायची, आणि थांबायची ती माझ्यावर. मला तोंडावर ऊन आल्यासारखं वाटायचं. पुढे बरंच विस्कटलं. एक लग्न झालं, मोडलं. एक घर घेतलं, विकलं. काही वर्षं अशीही गेली, की संध्याकाळी कुलूप उघडताना आत जावंसं वाटेना. त्या सगळ्यात मी एक गोष्ट घट्ट धरून ठेवली होती, की आपल्याकडे कुणीतरी कधीतरी असं बघितलेलं आहे. हे मी कुणाला बोलले नाही. बोलण्यासारखं त्यात काही नाही.

आणि आता कळतंय, की ती मला वास कधी येतो त्याची वाट बघत होती. ओट्यावर माझा थर्मामीटर पडला होता. मीही त्याच्याकडे असंच बघते, एकटक, डोळ्याची पापणी न हलवता, कारण एक क्षण चुकला तर साखर गेली. त्या थर्मामीटरला काय वाटत असेल कोण जाणे. कदाचित त्यालाही तोंडावर ऊन आल्यासारखं वाटत असेल.

मन फार विचित्र असतं. एकदा संशय आला की ते पुरावे गोळा करत सुटतं. मी नऊ वर्षांची असताना सुट्टीत मला सर्दी झाली होती, नाक दोन्ही बाजूंनी ठार बंद. त्या वर्षी ब्राऊनी झाली नाही. ओव्हन बिघडलाय, आई म्हणाली. ती माझ्या उशाशी बसून गरम पाण्याची वाफ द्यायची, तासातासाने वाकून विचारायची, "सुटलं का गं नाक?" मी त्याला माया समजले होते. नंतर मी शिकायला दूर गेले, नोकरीला आणखी दूर, पण सुट्टीला घरी पोचले की बॅग खाली ठेवायच्या आत हाक यायची. स्टूल सुटलं, उभं राहणं सुटलं नाही. "तू आलीस म्हणूनच करते हो," आई म्हणायची. खरंच बोलत होती बिचारी. मी आल्याशिवाय तिला करता येणं शक्यच नव्हतं. एकूण एक आठवण मी अशी उलटी करून बघितली आणि प्रत्येक उलट बाजूनेही तितकीच नीट बसत होती.

मग मला एक कल्पना सुचली. बाल्कनीतल्या दोरीवरून मी कपड्यांचा लाकडी चिमटा आणला आणि नाकाला लावला. दुखतं. पण मला बघायचं होतं, की आईच्या तोंडात जग कसं होतं. दालचिनी चाखली, ती म्हणजे लाकडाचा भुसा. कॉफी म्हणजे कडू गरम पाणी. व्हॅनिलाचं तर काहीच नाही, नाव सांगितलं नसतं तर मी ते पाणी म्हणून प्याले असते. चॉकलेटचा तुकडा जिभेवर ठेवला, तर गोड चिखल. मी एकेक डबा उघडत गेले आणि एकेक डबा रिकामा निघत गेला. आईने आम्हाला तीस वर्षं जेवू घातलं, ते या रिकाम्या डब्यांतून, दुसऱ्यांच्या चेहऱ्याकडे बघत बघत. शेवटी मी गेल्या आठवड्यातलं थोडं कॅरमेल बरणीत उरलं होतं ते चमच्यावर घेतलं, त्यावर मिठाची चिमूट टाकली आणि तोंडात घातलं. आणि थबकले. गोड होतं. खारट होतं. मागून थोडं कडू. दाताला चिकटत होतं, ओढत होतं. यातलं काहीच गेलं नव्हतं. यातलं काही नाकातून येतच नाही. म्हणजे घरातल्या सगळ्या पदार्थांत हा एक असा होता, जो आईलाही आमच्याइतकाच लागत होता. म्हणून तो वर्षातून एकदा तरी व्हायलाच हवा होता. मला तिचा हा हिशोब इतका आवडला, की क्षणभर मी बाकीचं सगळं विसरले.

"हे काय नवीन?" दादा दारात उभा होता. त्याच्याकडे किल्ली असते. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात अक्रोडांची पिशवी.

"थांब, बोलू दकोस," मी चिमट्यातून म्हटलं.

"कामावरून काढून टाकलं का तुला?"

मी चिमटा काढला आणि त्याच्या नाकाला लावला. दादा छप्पन्न वर्षांचा आहे, तिकडे गावात त्याचे दोन दवाखाने आहेत, पण माझ्यासमोर अजून मुकाट्याने उभा राहतो. त्याला दालचिनी दिली, कॉफी दिली, कॅरमेल दिलं. "म्हणजे?" त्याने विचारलं. "म्हणजे आई," मी म्हटलं, आणि मावशीने सांगितलेलं सगळं, सायकलपासून, सांगितलं.

दादा स्टुलावर बसला. चिमटा हातात घेऊन उघडझाप करत राहिला. "ओव्हन बिघडला नव्हता," तो एकदम म्हणाला. "तुझ्या सर्दीच्या वर्षी. मी त्यात बटाटे भाजून खाल्ले होते. आईला म्हटलं, अगं चालतोय की. तर मलाच दटावलं, गप्प बस म्हणून. मला वाटलं, टिल्ली आजारी म्हणून आम्ही पण उपाशी." मग त्याला हसू फुटलं. "आणि मी तिच्याच गावात राहत होतो, बारा महिने! औषधं मी आणायचो, दिवे मी बदलायचो. एकदा, एकदासुद्धा केली नाही तिने माझ्यासाठी. आणि तू स्टेशनवरून आलीस रे आलीस, की साखर चुलीवर. चाळीस वर्षं जळलो मी तुझ्यावर, टिल्ले. आणि तू नुसता थर्मामीटर!" हसता हसता त्याने डोळे पुसले.

मला हसू येईना. मला हसू येत नाहीये हे त्याच्या लक्षात आलं. "काय झालं?" त्याने विचारलं.

"काही नाही."

"सांग की."

"ती माझ्याकडे बघायची, दादा," मी म्हटलं. आवाज माझ्याच कानाला नऊ वर्षांच्या मुलीसारखा वाटला आणि मला त्याचा रागही आला. "मला वाटायचं, माझ्याकडे बघतेय. ती नाकाकडे बघत होती. बास. एवढंच."

दादाने पिशवीतले अक्रोड टेबलावर ओतले, खणातून अडकित्ता काढला आणि फोडायला बसला, न सांगता, जसा तेव्हा बसायचा. तीन-चार फोडले. मी तोवर साखर मोजून पातेल्यात घातली आणि उगाच पुन्हा काट्यावर ठेवली.

"तसं नव्हतं पण ते," तो म्हणाला.

"कसं नव्हतं?"

"तू गप्प व्हायचीस. आठवतंय? अखंड टकळी चालू, आणि एकदम वाक्य अर्धं टाकून गप्प. तोंड उघडंच. मला इथून टेबलावरून कळायचं, हिला वास लागला. मग आईला कळत नसेल? ती तर त्याचीच वाट बघत असणार. पण ती पातेलं उतरवायची नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही उतरवायची. बघतच राहायची तुझ्याकडे. काम झालं होतं ना तिचं? तरी बघायची. मी मोजायचो."

"काय मोजायचास?"

"किती वेळ बघते ते. एक, दोन, तीन. बहुतेक सात व्हायचे. सातला ती दचकायची आणि घाईघाईने लोणी टाकायची. दरवर्षी." त्याने अक्रोडाचं टरफल नीट बाजूला केलं. "माझ्याकडे किती वेळ बघते तेही मोजलेलं होतं. दोन. फार तर तीन, ताप असला तर."

हे त्याने अगदी साध्या आवाजात सांगितलं, पेशंटला किती दात किडलेत ते सांगावं तसं. मी त्याच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला.

"एकदा अकरा झाले," तो म्हणाला. "तू हॉस्टेलला जायच्या आधीची सुट्टी. कडू झाली होती ब्राऊनी, आठवतंय? बाबा म्हणाले, औषध केलंयस का. खाल्ली तरी सगळ्यांनी."

आठवत होतं. त्या कडवटपणासकट आठवत होतं. मी काय विसरले होते ते मला तेव्हा कळलं. त्या सात सेकंदांत मी कधी पातेल्याचा वास घेतलाच नव्हता. वास आला, मी गप्प झाले, आणि मग मी आईकडे बघत होते. तिथे पुढे साखरेचं काय होतं याची माझ्या नाकाने नोंदच घेतली नव्हती. आणि सात सेकंद म्हणजे थोडे नव्हेत. साखर तेवढ्यात तांबडीची तपकिरी होते आणि तिच्या मागच्या बाजूने पहिला कडू धागा निघतो. तीन वर्षं मी पातेलं बरोबर क्षणी उतरवत होते. माझ्या नाकाने, थर्मामीटरने, सगळ्यांनी मिळून ठरवलेल्या क्षणी. एकही सेकंद वाया जाऊ न देता. ब्राऊनी चांगली होत होती, आणि ती नव्हती. तो कडवटपणा साखरेचा नव्हता असं मी म्हणणार नाही, कामावर असं बोलले तर लोक हसतील. साखरेचाच होता. पण तो दरवर्षी तिथे कुठून येत होता, ते मला आता कळलं होतं.

मी थर्मामीटर खणात टाकला. गॅस पेटवला. "ऊठ," दादाला म्हटलं. "तू बघ."

"कुठे बघू?"

"माझ्याकडे."

दादा उठला. लोण्याची वाटी त्याच्या हातात दिली, लाकडी चमचा दुसऱ्या हातात, आणि तो माझ्यासमोर अवघडून उभा राहिला. आयुष्यभर त्याने लोकांच्या उघड्या जबड्यांत बघितलंय, अख्ख्या चेहऱ्याकडे बघायची त्याला सवय नाही. आधी त्याने माझ्या कानाकडे बघितलं, मग कपाळाकडे. "बोल ना काहीतरी," तो म्हणाला. "काय बोलू?" "ते आता मी शिकवू तुला?" मग मी सुरू केलं. फाटकावरचा पहारेकरी, त्याची नवी काठी, ती काठी विसरून तो घरी गेला आणि सकाळी काठी नाही म्हणून त्यालाच फाटकावर अडवलं तो किस्सा. साखर कडेने वितळायला लागली होती. माझं लक्ष नव्हतं तिकडे, म्हणजे मी ते नाही असं ठरवलं होतं. मग मी सांगायला लागले, की कारखान्याच्या नव्या साहेबांनी पहारेकऱ्याला बोलावून घेतलं आणि म्हणाले, की काठी जर

आला. ओल्या लाकडासारखा, मग तापलेल्या लोखंडासारखा, मग एकदम गोल आणि भरलेला. हाच तो क्षण. सव्वीस वर्षांची सवय माझा हात पातेल्याकडे घेऊन गेली. मी तो ओढून ॲप्रनच्या खिशात घातला आणि आतून घट्ट मूठ वळली. दादा माझ्याकडे बघत होता. आता कानाकडे नाही, कपाळाकडे नाही. त्याच्या डोळ्यांच्या कडांना आईसारख्या सुरकुत्या पडायला लागल्यात हे मी कधी पाहिलं नव्हतं. कशी पाहणार, त्याच्याकडे मी तरी कधी इतका वेळ बघितलं होतं? वास पुढे गेला. नाक ओरडून सांगत होतं, उतरव, बाई, उतरव, आणि मी हलले नाही. वासाच्या मागून पहिला कडू धागा निघाला, बारीक, तिखट, आणि त्यामागोमाग ते सगळं स्वयंपाकघर आलं, स्टूल, इस्त्री, अक्रोडाची टरफलं, आईच्या बाहीचा साबण. मी दादाकडे बघत होते. दादा बघत होता.

मग तो दचकला आणि त्याने घाईघाईने लोणी टाकलं. चर्रकन आवाज झाला, वाफ दोघांच्या तोंडावर आली, आणि मी गॅस बंद केला.

"किती झाले?" मी विचारलं.

दादा रिकामी वाटी हातात धरून उभा होता. त्याने पातेल्यात बघितलं, मग माझ्याकडे.

"मोजायचे राहिले गं," तो म्हणाला.